कापड उजेडात नेऊन बघ

बाळे, काल रात्री साडेअकराला तुझा फोन आला तेव्हाच मी समजले, काहीतरी बिनसलंय. तू एरवी नऊला झोपणारी. "अक्का, पोरं म्हणायलीत हा निळा न्हाई, जांभळा हाय," एवढं बोललीस आणि गप्प झालीस. मागं बिलोलीची कुत्री भुंकत होती, तेवढंच ऐकू येत होतं.

चौदा एप्रिल दोन दिवसांवर आला. दहा बाय पंधराचा बॅनर नांदेडला छापून, गुंडाळी एस.टी.त टाकून तुझ्यापर्यंत पोचला, मंडळाची पोरं हौसेनं उलगडायला बसली, आणि निळ्याच्या जागी वांग्याच्या सालीचा रंग! तुझ्या स्क्रीनवर निळा होता. पोरांनी मोबाईलवर बघून हो म्हटलं, तेव्हाही निळा होता. मग मधल्या वाटेत तो कुणी बदलला?

कुणीच बदलला नाही गं. रात्री तू रडत होतीस म्हणून मी फक्त "दुसरा छापून घे, पैसे मी पाठवते" म्हणाले. आता सकाळ झालीय, चहा घे आणि नीट ऐक. दुकान टाकून तुला आठच महिने झालेत. हे सगळं मला चौदा वर्षं छापखान्यांत घालवून कळलंय, आणि तुला ते आज फुकटात मिळतंय.

आधी आईची गोष्ट. ब्लाउजपीस घ्यायला आपण तिच्यासोबत जायचो ते आठवतं? ट्यूबलाइटखाली साडी नि पीस शेजारी धरून दुकानदार सांगायचा, "मावशी, सेम टू सेम." आई काही बोलायची नाही. साडीचा पदर एका खांद्यावर, पीस दुसऱ्या खांद्यावर, चपला घालून तरातरा पायऱ्या उतरून रस्त्यावर उन्हात जाऊन उभी राहायची. आपल्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि दहातल्या सहा वेळा तो पीस परत यायचा, कारण आत जुळलेला रंग बाहेर फाटायचा. दुकानदार कुरकुरला की ती म्हणायची, "दुकानात न्हाई नेसणार मी. मांडवात नेसणार."

माझ्या धंद्याची सगळी विद्या त्या एका वाक्यात आहे. चित्र तुझ्या स्क्रीनवर राहणार नाही. ते कुठं राहणार, कशावर उतरणार, कोणत्या उजेडात लोक बघणार, ते आधी विचार आणि रंग तिथला धर.

आता तुझा निळा का फसला ते सांगते. स्क्रीन म्हणजे दिवा. तिच्यात लाल, हिरवे, निळे असे तीन जातींचे बारीक दिवे असतात, ते कमीजास्त पेटवून सगळे रंग होतात. निळ्यासाठी तर तिथं स्वतंत्र दिवाच आहे, म्हणून स्क्रीनवरचा निळा इतका झगझगीत. कागद आणि फ्लेक्स हे मात्र भिंतीसारखे. त्यांना स्वतःचा उजेड नाही. वरून पडलेल्या उजेडातला थोडा शाई गिळते आणि उरलेला आपल्या डोळ्याकडं येतो. मशीनमध्ये शाया चार: सायन, मॅजेन्टा, पिवळी, काळी. यात निळ्याची बाटलीच नाही. निळा हवा तर मशीन सायन आणि मॅजेन्टा एकमेकांवर टाकतं. तू स्क्रीनचा गडद निळा जसाच्या तसा पाठवलास, मशीननं दोन्ही शाया जवळजवळ शंभर-शंभर टक्के ओतल्या. दोघी बरोबरीनं आल्या की मॅजेन्टा जिंकते, आणि जांभळा होतो.

म्हणून हे आकडे पाठ कर. निळ्यात सायन १००, पण मॅजेन्टा ६५-७०च्या वर जाऊ द्यायची नाही. दोघींत तीसएक टक्क्यांचं अंतर राहिलं की निळा निळाच राहतो. हवाच असेल तर खोलीसाठी काळी पाच-दहा टक्के. स्क्रीनवर तो तुला थोडा फिका वाटेल, तिकडं लक्ष देऊ नकोस. तो स्क्रीनसाठी नाहीच.

तसाच भगवा. शिवजयंतीला हीच पोरं किंवा यांचेच मित्र येतील. स्क्रीनवरचा पेटता केशरी कोणत्याही शाईला जमत नाही. पिवळी १००, मॅजेन्टा ५५ ते ६५, आणि सायन शून्य म्हणजे शून्य. सायनचे चारपाच टक्के जरी चुकून शिरले तरी भगव्याला मळकट झाक येते, जणू झेंडा धुतल्याशिवाय लावलाय. अहिल्यादेवींच्या जयंतीचा पिवळा, अण्णा भाऊंच्या जयंतीचा पिवळा, उरुसाचा हिरवा... आपल्या गावात रंग म्हणजे नुसती सजावट नसते बाळे. त्यात लोकांचा जीव असतो. "थोडा वेगळा आलाय, काय फरक पडतो" हे वाक्य कधी तोंडातून काढू नकोस. त्या पोरांनी वर्गणी गोळा केलीय. तो निळा त्यांच्यासाठी कोण आहे ते तुलाही माहीत आहे.

आता जरा मोठा प्रश्न. जे रंग मशीनला जमतच नाहीत, त्यांचं काय करायचं? नरसीच्या चौकातली काळीपिवळी डोळ्यांसमोर आण. जागा नवाची, माणसं सोळा. ड्रायव्हरपुढं दोन वाटा. एक, सगळ्यांनाच म्हणायचं, "जरा जरा सरका." सगळे दाटीवाटीनं बसतात, कुणालाच पुरती जागा नाही, पण कोण कुणाच्या शेजारी हे तसंच राहतं. दोन, जे नीट मावले त्यांना हलवायचं नाही, जास्तीचे सगळे दारात लोंबकळत उभे. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या वाटेला 'परसेप्च्युअल' म्हणतात, दुसरीला 'रिलेटिव्ह कलरिमेट्रिक'. पैठणी नेसलेली नवरी, फुलांचा हार, संध्याकाळचं आभाळ असा भडक रंगांच्या चढउताराचा फोटो असेल तर पहिली वाट धर. दुसरीत पदराच्या घड्या एकाच रंगाच्या थारोळ्यात बुडतात, कारण दारात लोंबकळणारे सगळे एकाच दांड्याला धरून असतात. साध्या फोटोंना, जिथं भडक रंग थोडेच आहेत, तिथं दुसरी बरी. बाकीचं सगळं जागच्या जागी राहतं. आणखी दोन वाटा आहेत. एक आलेख-तक्त्यांसारख्या ठसठशीत रंगांची, दुसरी एका कागदाचा रंग दुसऱ्या कागदावर हुबेहूब दाखवण्याची. सध्या त्या सोड.

आणि 'प्रोफाइल' या शब्दाला घाबरू नकोस. तू बिलोलीची, तुला हे पुण्यातल्या पोरींपेक्षा लवकर कळेल. आपल्या बाजारात मराठी, तेलुगू, उर्दू तिन्ही चालतात. बोधनहून आलेल्या माणसाला भाव सांगायचा तर मधे दोन्ही बोली जाणणारा एक जण लागतो. प्रोफाइल म्हणजे तो दुभाष्या. तुझा मॉनिटर 'लाल २५५' म्हणतो तेव्हा नेमका कोणता लाल, ते एक प्रोफाइल सांगतं. तोच लाल त्या मशीनवर, त्या कागदावर आणायचा तर कोणती शाई किती, ते दुसरं सांगतं. मधली भाषा म्हणजे माणसाच्या डोळ्याला दिसणारा रंग, मोजून आकड्यांत मांडलेला. ती मोजणी १९३१ सालची आहे. १९९३ साली आठ कंपन्यांनी एकत्र येऊन प्रोफाइल लिहायची एकच पद्धत ठरवली, त्याआधी प्रत्येक मशीनचा दुभाष्या वेगळा. १९९६ मध्ये 'एसआरजीबी' ही लाल-हिरव्या-निळ्याची ठरलेली बोली आली, आणि साधे मॉनिटर, मोबाईल, फोटो लॅब आजही मुख्यतः तीच बोलतात.

इथं एक खड्डा आहे, त्यात सगळे पडतात. फोटोशॉपमध्ये 'असाइन प्रोफाइल' आणि 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' शेजारी शेजारी आहेत. असाइन म्हणजे डब्यावरची चिठ्ठी बदलणं, कन्व्हर्ट म्हणजे डब्यातलं सामान बदलणं. साखरेच्या डब्याला मिठाची चिठ्ठी लावली तर चहाचं काय होईल? तुला जवळजवळ नेहमी कन्व्हर्टच लागणार. असाइन फक्त तेव्हा, जेव्हा फाइल बिनचिठ्ठीची आलीय आणि आत काय आहे ते तुला पक्कं ठाऊक आहे. कुणी आयफोनमधला फोटो आणला आणि तो विनाकारण मिळमिळीत दिसला तर हेच झालेलं असतं. त्या फोनचं रंगाचं माप मोठं असतं आणि वाटेत चिठ्ठी गळालेली असते.

आता तुझ्याकडं येणारी कामं एकेक घेऊ.

फ्लेक्स. नांदेडच्या मशीनवाल्याला आधी विचार, "दादा, तुम्हाला आरजीबी देऊ की सीएमवायके?" आरजीबी म्हणजे दिव्यांच्या मापातली फाइल, सीएमवायके म्हणजे चार शायांच्या. लाजू नकोस, हा प्रश्न अडाण्याचा नाही, जाणत्याचा आहे. त्यांच्या मशीनपुढं एक रिप नावाचं सॉफ्टवेअर असतं, शेवटचं भाषांतर तेच करतं. तू एकदा, त्यानं परत एकदा असं दोनदा भाषांतर झालं की रंगाचा भुगा होतो. मागून दिवे लावायचा बोर्ड असेल तर 'बॅकलिट' आहे असं ठळक लिही. मागचा उजेड रंग धुऊन काढतो, म्हणून तिथं शाई चांगलीच जास्त टाकावी लागते. साधं छापून मागं ट्यूब लावली की चेहरे भुतासारखे पांढरे. आणि बॅनर महिनोन्‌महिने उन्हात राहणार असेल तर आधीच सांगून टाक की रंग उडणार. स्टँडसमोरचे जुने बॅनर बघ, सगळ्या पुढाऱ्यांचे चेहरे निळसर पडलेत. पिवळी आणि मॅजेन्टा उन्हाला आधी हार जातात, सायन आणि काळी मागं उरतात.

लग्नपत्रिका. पत्रिका ऑफसेटवर निघते. तिथं तुझा शत्रू म्हणजे काळी अक्षरं. कोरलड्रॉमध्ये आरजीबीतला काळा तसाच राहिला की भाषांतरात तो चारही शायांचा होतो. चार शाया केसाइतक्याही सरकल्या तर बारीक अक्षरांना रंगीत सावली पडते, आणि 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' वाचताना पाहुण्याला चष्म्याचा नंबर वाढला असं वाटतं. अक्षराचा काळा म्हणजे फक्त काळी १००, बाकी तिघी शून्य. राणी रंग मागितला तर मॅजेन्टा १०० आणि पिवळी फार तर पाच-दहा. साडीच्या दुकानातला तो चमकणारा राणी चार शायांत येत नाही. हे गिऱ्हाइकाला छापायच्या आधी सांगितलं तर माहिती, छापल्यावर सांगितलं तर सबब.

लग्नाचा अल्बम. इथं उलटं आहे. लॅबचं मशीन फोटोच्या कागदावर शाईनं नाही, उजेडानं चित्र उमटवतं. ते लाल-हिरवा-निळाच बोलतं. त्याला एसआरजीबी फाइल दे. शहाणपणा करून सीएमवायके केलीस तर नवरीचा शालू आधीच फिका करून पाठवल्यासारखं होईल. तुझ्या टेबलावरचा पासपोर्ट फोटोचा इंकजेट प्रिंटरही तसाच. त्यात शाया असल्या तरी त्याला आरजीबीच लागतं, भाषांतर त्याचा ड्रायव्हर करतो. फक्त रंग प्रिंटरनं सांभाळायचे की फोटोशॉपनं, यातलं एकच निवड. दोन सुगरणींनी एकाच भाजीत मीठ टाकायचं नाही.

मग आणि टी-शर्ट. सब्लिमेशनचा कागद बाहेर आला की रंग मेल्यासारखे दिसतात. घाबरून गडद करायला जाऊ नकोस. शाई गरम होऊन मगवर चढली की जिवंत होते. पहिला मग फुकट गेला असं समजून छाप आणि दुकानात ठेव. कागद कसा दिसत होता आणि मग कसा झाला, दोन्ही शेजारी.

वर्तमानपत्र. याबद्दल मात्र मी सावकाश बोलणार आहे, कारण माझी पहिली मोठी चूक तिथलीच.

नांदेडला नोकरीचं पहिलं वर्ष. एका गुरुजींच्या पहिल्या पुण्यस्मरणाची जाहिरात आली. फोटो जुना, काळी टोपी, काळा कोट, चेहऱ्यावर एका बाजूनं सावली. मी दोन तास बसून तो असा सजवला की स्क्रीनवर गुरुजी आत्ता बोलतील असं वाटावं. सावली खोल केली, कोट मखमलीसारखा. दुसऱ्या दिवशी पेपर आला. कोट, टोपी आणि अर्धा चेहरा मिळून कोळशाचं एक ढेकूळ. दुपारी त्यांचा मुलगा पेपरची घडी घेऊन आला. मी शिव्या खायच्या तयारीनं उठले. तो शिव्या देता तर बरं झालं असतं. त्यानं घडी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "ताई, यात बाबा दिसत न्हाईत."

पेपरचा कागद टिपकागदासारखा असतो. तू पन्नास टक्क्यांचा ठिपका ठेवलास तर तो पसरून पंच्याहत्तरीजवळ जातो. चारही शायांची बेरीज जास्तीत जास्त ४०० होऊ शकते. गुळगुळीत आर्ट पेपर त्यातली तीनशेच्या आसपास पेलतो, वर्तमानपत्र २४०. माझ्या कोटात तीनशेवीस होती. वर कागद पांढराही नाही, मातकट करडा. म्हणून पेपरसाठी फोटो करताना मधला भाग उघड, गालावरची सावली हलकी कर, सगळ्यात काळ्या जागेतही शायांची बेरीज २४०च्या आत ठेव. तो फोटो स्क्रीनवर धुतल्यासारखा दिसेल. दिसू दे. सकाळी कुणाच्या तरी हातात वडील नीट दिसायला हवेत, तुझ्या स्क्रीनवर नाही. त्या मुलाला आम्ही दुसऱ्या दिवशी परत जाहिरात दिली, पैसे माझ्या पगारातून गेले. पण पुण्यस्मरण दुसऱ्या दिवशी नसतं गं.

आता चेहऱ्यांचं. "अण्णाला जरा गोरं करा की." हे वाक्य तू आठवड्यातून चारदा ऐकत असशील. आधी तांत्रिक सांगते. आपल्याकडच्या कातडीत पिवळी मॅजेन्टापेक्षा थोडी जास्त लागते आणि सायन मॅजेन्टाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, सावळ्या माणसाला त्याहून जास्त. गोरं करायच्या नादात पोरं सायन काढून टाकतात. मग माणूस गोरा होत नाही, भाजल्यासारखा गुलाबी होतो. जबड्याची कड जाते, नाकाचा उंचवटा जातो, भाकरीच्या पिठाच्या गोळ्यावर मिशा लावल्यासारखं दिसतं. उजळ दिसायचं असेल तर रंग बदलू नकोस, उजेड वाढव. डोळ्याखालची सावली हलकी कर, मागची बाजू थोडी दाबून टाक, चेहरा आपसूक पुढं येतो. गिऱ्हाईक खूश, माणूसही शाबूत.

आणि अक्का म्हणून सांगते. आईचा फोटो आठव, मोठ्या भावाच्या लग्नातला. त्या फोटोवाल्यानं तिला अशी पांढरीफटक केली की कोपरापासून खालचे हात तेवढे तिचे वाटतात. आता ती नाही, आणि तिचा तोंडभर हसणारा तो एकच फोटो आपल्याकडं आहे. दर वेळी मी आधी हातांकडंच बघते. तुझ्या दुकानातून बाहेर पडणारा प्रत्येक फोटो कधीतरी कुणाच्यातरी भिंतीवर हार घालून लागणार आहे. त्या घरच्यांना तो माणूस ओळखू यावा, एवढं बघ.

आता तुझं दुकान. तू व्हिडिओ कॉलवर दाखवलंस तेव्हाच बोलणार होते. ती पोपटी भिंत! तिची झाक स्क्रीनवर पडते, तुझा डोळा हिरव्याला सरावतो, आणि तू नकळत प्रत्येक फोटोचा रंग बिघडवतेस. निदान मॉनिटरच्या मागची भिंत करडी किंवा पांढरी करून घे. मॉनिटरचा उजेड तू इतका ठेवतेस की दुकान त्याच्यावरच चालावं. कोरा पांढरा कागद पांढऱ्या दिव्याखाली मॉनिटरशेजारी धर आणि स्क्रीनचा पांढरा त्या कागदाएवढा दिसेपर्यंत उजेड उतरव. छपाई गडद येते ही निम्मी तक्रार इथंच संपेल. नाइट लाइट बंद ठेव. विंडोजमध्येच रंग जुळवायची सोय असते, 'कॅलिब्रेट डिस्प्ले कलर' म्हणून, ती एकदा कर. रंग मोजायचं यंत्र पुढं कधीतरी घेऊ, आत्ता कर्ज काढू नकोस. आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरच्या बल्बखाली रंग पक्का करायचा नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.

फोटोशॉपमध्ये कंट्रोल आणि वाय दाबलंस की समोरचं चित्र छापल्यावर कसं दिसेल त्याचा अंदाज स्क्रीनवरच येतो. शिफ्टसकट दाबलंस की न मावणारे रंग करडे होऊन दिसतात. त्यासाठी छापणाऱ्याकडून त्यांचं प्रोफाइल माग. दिलं तर उत्तम. नाही दिलं तर ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कर.

एक पट्टी बनव. मॅचिंग सेंटरमध्ये दोऱ्यांच्या रिळांचा फलक असतो ना, तशी. चार निळे, चार भगवे, तीन पिवळे, तीन हिरवे, दोन राणी, दोन मरून, एक सावळा चेहरा, एक गोरा चेहरा. प्रत्येक चौकोनाखाली शायांचे आकडे. ती पट्टी तू ज्या ज्या मशीनवर काम देतेस तिथं, त्याच फ्लेक्सवर, त्याच कागदावर छापून घे आणि दुकानात टांग. मंडळाचा पोरगा आला की मोबाईल बाजूला ठेवायला सांग, पट्टीपाशी ने आणि म्हण, "भाऊ, यातला कोणता?" त्यानं बोट ठेवलं की तो आकडा पावतीवर लिही आणि सही घे. वाद तिथंच मिटतो. मोठं काम असेल तर आधी त्याच गुंडाळीवर फूटभर तुकडा छापून मागव, त्याचे पैसे बिलात धर. ॲडव्हान्स घेतल्याशिवाय फाइल पाठवायची नाही, हे मी वेगळं सांगायला नको.

मूळ फाइल मात्र कायम आरजीबीतच, थर न मोडता जपून ठेव. मळलेली कणीक झाकून ठेवतो तशी. फ्लेक्सची प्रत वेगळी, पेपरची वेगळी, लॅबची वेगळी, नावातच लिही कशासाठी आहे ते. एकदा शाईच्या मापात कोंबलेला रंग परत पहिल्यासारखा फुलत नाही. आणि फोटो व्हॉट्सॲपवर घ्यायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांग, नाहीतर तो वाटेतच अर्धा होतो.

तू काल म्हणालीस, "मला हे जमणारच न्हाई अक्का, मी इंजिनियर थोडीच हाय." आजीच्या देव्हाऱ्यात रविवर्म्याची लक्ष्मी होती ना, कमळातली? मूळ चित्र तैलरंगातलं. ते घरोघरी जावं म्हणून १८९४ साली मुंबईत छापखाना निघाला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. रंगाला एक दगड, अशा कितीतरी दगडांवरून तोच कागद पुनःपुन्हा न्यायचा. तैलरंगातला कोणता लाल कोणत्या दगडांच्या बेरजेतून येईल, ते कारागीर डोळ्यानं ठरवायचे. श्लायशर नावाचा जर्मन तंत्रज्ञ तिथं होता, पुढं छापखाना त्यानंच घेतला. आपले दादासाहेब फाळके सिनेमाच्या आधी छपाईतले, त्या छापखान्यासाठीही त्यांनी काम केलेलं. रंगीत छपाई शिकायला नि यंत्रं आणायला ते १९०९ मध्ये जर्मनीला गेले. आणि 'प्रभात'सारखी कंपनी, शांतारामबापूंसारखा माणूस! १९३३ साली त्यांनी 'सैरंध्री' रंगीत करायची म्हणून प्रती जर्मनीहून करून आणल्या, आणि पडद्यावर रंग मनासारखे उतरले नाहीत. कोल्हापुरात जे बघून चित्र घेतलं होतं ते पडद्यावर आलं नाही. त्यांचा निळाही जांभळा झाला म्हण की. ते काय घरी बसले?

तर आता उठ. पहिल्यांदा त्या पोरांना फोन कर. सबबी सांगू नकोस, "रंग माझ्याकडून चुकला, उद्या संध्याकाळपर्यंत दुसरा लावते," एवढंच म्हण. निळ्यात मॅजेन्टा ६५ कर, नांदेडला फोन करून फूटभर तुकडा आधी मागव, एस.टी.नं दुपारपर्यंत येईल. जांभळा बॅनर फेकू नकोस, त्याची मागची बाजू पावसाळ्यात सरपणावर घालायला होते.

मग निवांत झालीस की ती पट्टी कर. आणि हो, छापून आली की हौसेनं तिचा फोटो काढून मला पाठवशील, तर पाठवू नकोस. माझ्या मोबाईलवर मला माझ्या मोबाईलचे रंग दिसतील, तुझे नाहीत. मी पुढच्या महिन्यात येतेच आहे. तेव्हा पट्टी खांद्यावर टाकू आणि दोघी पायऱ्या उतरून रस्त्यावर उन्हात जाऊन उभ्या राहू. लोक बघतील. बघू देत.